शिबिराला दोनशे बायका आल्या, तपासल्या अकरा

तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर वेळेत हाती लागावा म्हणून गावपातळीवर काय करता येईल, याविषयी आम्ही प्रश्न मागवले होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. नावं सगळ्यांचीच गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या ग्रामसंघाने मागच्या फेब्रुवारीत शिबिर घेतलं. मांडव, लाउडस्पीकर, चहा-पोहे, सगळं होतं. दोनशेच्या वर बायका आल्या. बीपी-शुगर सगळ्यांची झाली, पण पिशवीच्या तोंडाची (गर्भाशयमुखाची) तपासणी फक्त अकरा जणींची. यंदा काय बदलू? (ग्रामसंघाच्या सचिव, चोपडा तालुका)

आधी मांडव काढून टाका. मग हिशेब मांडा.

तीन हजार वस्तीचं गाव धरा. तिशीपुढची माणसं आरोग्य खात्याच्या हिशेबात साधारण ३७ टक्के, म्हणजे अकराशे दहा. त्यातल्या निम्म्या बायका, साडेपाचशे. राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी एकदा करायची आहे. साडेपाचशेला पाचाने भागा. वर्षाला एकशे दहा, महिन्याला नऊ-दहा. एक ठरलेला वार, एक टेबल, एक प्रशिक्षित नर्स आणि दहा बायका, एवढ्यात गाव पाच वर्षांत पुरं होतं. मेळावा लागतच नाही. उलट दोनशे जणी एकदम आणल्या तर काय होतं ते तुम्ही पाहिलंच. समजावणं, तपासणं, निकाल सांगणं धरून एकीला पंधरा मिनिटं जातात. सहा तासांत एका टेबलावर चोवीस, त्यापुढे नाही.

अकराच का झाल्या, याचं खापर बायकांच्या लाजेवर फोडण्याआधी त्या दिवशी स्पेक्युलम (आतलं दिसावं म्हणून घालायचं चिमट्यासारखं साधन) किती होते ते विचारा. एका बाईला वापरलेला स्पेक्युलम अर्धा टक्का क्लोरीनच्या पाण्यात दहा मिनिटं, मग घासून धुणं, मग कापडात गुंडाळून १२१ अंशांवर तीस मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेचं निर्जंतुकीकरण), आणि थंड झाल्यावर पुन्हा टेबलावर. भर शिबिरात ही फेरी बसत नाही. जितक्या बायका बोलवाल तितके निर्जंतुक संच सकाळीच तयार हवेत, वर दोन जास्तीचे.

जागा उपकेंद्राची, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिराची घ्या. मारुतीच्या पाराशेजारचा समाजमंदिराचा हॉल नको. टेबल असं लावा की बाईचे पाय भिंतीकडे येतील. पाय दाराकडे असले तर पडदा कितीही जाड लावा, बाई झोपत नाही. जवळ संडास हवा, कारण लघवी करूनच टेबलावर यायचं असतं. उजेड पांढरा आणि प्रखर लागतो. पिवळ्या बल्बखाली पांढरा चट्टा पिवळाच दिसतो. वीज जाणार हे धरून चार्जिंगची बॅटरी ठेवा.

तपासणीचं नाव व्हीआयए. गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्के अॅसिटिक अॅसिड लावायचं, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं आणि पाहायचं. दोष असलेला भाग पांढरा फटफटीत उठतो. द्रावण रोज ताजं करायचं : ९५ मिली डिस्टिल्ड पाण्यात ५ मिली ग्लेशियल अॅसिटिक अॅसिड, आणि उरलेलं संध्याकाळी ओतून द्यायचं. यात दोन चुका होतात. पहिली, ग्लेशियल अॅसिडची बाटली आणि पातळ केलेल्याची बाटली शेजारी ठेवणं. न पातळ केलेलं अॅसिड कातडी जाळतं, म्हणून ती बाटली खोलीतच नको. दुसरी चूक घाईची. तीस सेकंदांत पाहिलं की चट्टा उमटायच्या आत कागदावर ‘निगेटिव्ह’ पडतं.

नर्सला हे जमेल का, ही शंका गावात निघतेच. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख बायकांमध्ये बारा वर्षं हीच तपासणी केली. करणाऱ्या होत्या किमान दहावी शिकलेल्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या सेविका. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. मात्र त्यांचं काम कोणीतरी सतत तपासत होतं. एकदा प्रशिक्षण देऊन सोडून दिलेली नर्स सहा महिन्यांत सगळ्यांना ‘नॉर्मल’ लिहू लागते.

यादी आशाताईंच्या सीबॅक फॉर्मवरून (तिशीपुढच्यांच्या आरोग्याची घरोघरची नोंद) करा, आणि करतानाच पाळीची तारीख विचारा. पाळी चालू असलेली, गरोदर आणि बाळंत होऊन बारा आठवडे न झालेली, या तिघींना पुढचा महिना द्या. पिशवी काढलेल्या बाईला ही तपासणी बहुधा लागत नाही (कॅन्सर किंवा त्याआधीच्या दोषासाठी काढली असेल तर डॉक्टरांना विचारावंच लागेल), पण तोंड आणि स्तन तपासायचेच. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बाईत पाहायचा भाग आत सरकतो, तिथे व्हीआयए भरवशाची राहत नाही. तिला पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी पाहणारी) किंवा एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू शोधणारी) तपासणीसाठी पुढे पाठवा.

वार कोणता? ज्या गावात बाजाराच्या दिवशी मजुरी बंद असते तिथे बाजाराचा. कापूस वेचणीच्या महिन्यांत दहाऐवजी पाचच नावं घ्या, ती भर उन्हाळ्यात काढा. आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी येतात, हातात वेळ असतो, तेव्हा जास्तीचा एक दिवस ठेवा. फक्त माहेरवाशिणीची नोंद सासरच्या उपकेंद्राला कळवायची हे तेव्हाच ठरवून ठेवा. नाहीतर पुढचा निरोप द्यायला ती माहेरी सापडत नाही आणि सासरी कोणाला पत्ता नसतो.

प्रश्न : रक्ताच्या एका तपासणीत सगळे कॅन्सर कळतात, असं पॅकेज घेऊन एकजण गावात आला आहे. ग्रामपंचायतीने पैसे भरावेत का? (सरपंच, पारोळा तालुका)

नाही. सीईए, सीए-१२५ अशा तपासण्या मुख्यतः आजार ठरल्यावर उपचार लागू पडतोय का ते पाहायला वापरतात. धडधाकट माणसात त्या साध्या कारणांनीही वाढतात, आणि कॅन्सर असून नॉर्मलही येतात. त्या पैशात उपकेंद्राला एक चांगलं तपासणी टेबल आणि दिवा येईल.

प्रश्न : केळी भरणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांमध्ये तंबाखू-चुना आणि गुटखा सर्रास चालतो. बायकांत मिसरी. त्यांची तोंडं तपासायला आम्ही शिक्षक काही करू शकतो का? (माध्यमिक शिक्षक, रावेर तालुका)

निदान तुमचं काम नाही. पण कोणाला पुढे पाठवायचं ते तुम्ही नक्की ओळखू शकता, आणि तिन्ही कॅन्सरांत हाच सगळ्यात सोपा. चांगली टॉर्च (मोबाइलची नाही, तिला हात अडकतो), हातमोजे, गॉजचे तुकडे आणि लाकडी पट्ट्या किंवा तोंडात घालायचा छोटा आरसा एवढं पुरे. हातमोजे आणि पट्टी माणसागणिक नवी.

आधी दोनदा खळखळून चूळ भरायला लावा. मिसरीचा काळा थर आणि चुन्याचा पांढरा लेप, दोन्ही फसवतात. कवळी असेल तर काढायला सांगा. मग त्याची स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी करून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन गेली तर ठीक. दोनच गेली तर सुपारीने गालाच्या आतली कातडी आवळत चालली आहे असं धरा. पूर्वी शेवभाजी चाटूनपुसून खाणारा माणूस ‘तिखट झोंबतं’ म्हणून वरण-भातावर आला असेल, तर तीही तीच खूण. आणि हो, हे नुसत्या सुपारीनेही होतं. ‘आमच्या पुडीत तंबाखू नाही’ या युक्तिवादात अर्थ नाही.

आता क्रमाने पाहा : ओठ उलटून, दोन्ही गालांच्या आतून, हिरड्या, टाळू, जीभ, जिभेखाली. सगळ्यात जास्त सुटते ती जिभेची कड. जिभेचं टोक गॉजने धरा, हलकेच उजवीकडे ओढा, डावी कड मागपर्यंत पाहा, मग उलट बाजू. गॉजशिवाय जीभ निसटते आणि तपासणारा ‘दिसलं, दिसलं’ म्हणून सोडून देतो. माणूस पुडी ज्या गालात धरतो तो गाल दोनदा पाहा. विचारलंत तर तो बोट लावून दाखवतो.

गॉजने पुसूनही न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, किंवा कारण नसताना हलू लागलेला दात दिसला तर दंतचिकित्सकाकडे पाठवा. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा, त्याला त्याच आठवड्यात. यातलं बरंचसं आधी दुखत नाही, आणि घोळ तिथेच होतो. ‘माले काय व्हयेल शे?’ (मला काय झालंय?) म्हणत माणूस पुन्हा ट्रकवर चढतो. तेव्हा आरसा हातात द्या आणि चट्टा त्याचा त्याला दाखवा. भाषणापेक्षा ते लागू पडतं.

केरळात त्रिवेंद्रम जिल्ह्यात अशीच, प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन तोंडं पाहण्याची मोठी चाचणी झाली. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्के घटल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं. व्यसन सोडू पाहणाऱ्यांसाठी १८०० ११ २३५६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. रावेरहून मध्य प्रदेशची हद्द किती लांब ते तुम्हाला आम्ही काय सांगणार.

प्रश्न : मॅमोग्राफीची गाडी आली होती. माझ्या साठीच्या सासूबाईंची केली, माझी ३४ वर्षं सांगितल्यावर नाही म्हणाले. असं का? (गृहिणी, धुळे)

त्यांनी बरोबर केलं. तरुण वयात स्तन घट्ट असतो, एक्स-रेवर तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरी. धुक्यात पांढरी गाय शोधण्यासारखं. तुमच्या वयात काही हाताला लागलं तर आधी सोनोग्राफी करतात.

लागलं की नाही हे कळण्यासाठी पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसात हात फिरवायचा. मधल्या तीन बोटांची पेरं सपाट ठेवून, चिमटीत धरून नव्हे. गळ्याखालच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत उभ्या पट्ट्यांनी जायचं, सुरुवात काखेपासून. प्रत्येक जागी हलका, मध्यम आणि खोल असा तीनदा दाब. नवी गाठ, आत ओढलेली बोंडी, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, बोंडीतून रक्ताळ पाणी, यातलं काहीही दिसलं तर वय न पाहता डॉक्टरकडे.

शिबिरात नर्स दोन्ही बाजूंना मिळून अर्ध्या मिनिटात हात लावून ‘ठीक आहे’ म्हणाली, तर ती तपासणी झालीच नाही असं समजा. मुंबईत वीस वर्षं चाललेल्या चाचणीत दर दोन वर्षांनी सेविकांनी नीट हाताने तपासल्यावर पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्के घटले. त्याखालच्या वयात तेवढा फायदा दिसला नाही. तेव्हा घरातून एकीलाच पाठवता येत असेल तर सासूबाईंना पाठवा. आणि तपासायला गाठीत सुई घातली की कॅन्सर पसरतो, हे त्यांना कोणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण शंका असेल तिथे ते नक्की कळतं सुईनेच.

प्रश्न : आमच्याकडची निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. तपासणीत दोष निघालेली बाई पुढच्या तारखेला गावातच नसते. (आशा सेविका, अक्राणी तालुका)

तुमच्याकडे पाच वर्षांचा हिशेब महिन्यांत वाटून चालणार नाही. कॅलेंडर उलटं करा. भोंगऱ्याच्या बाजाराला (होळीआधीचा आदिवासी बाजार) आणि होळीला माणसं परततात, तिथपासून पाऊस लागेपर्यंतचे दिवस तुमचे. दिवाळीआधीच्या शेवटच्या महिन्यात नवी व्हीआयए सुरूच करू नका. दोष निघाला तर तो सोबत घेऊन ती उसाच्या फडात जाईल.

शक्य तिथे तपासणी आणि उपचार एकाच दिवशी करा. थर्मल अॅब्लेशनच्या छोट्या यंत्राने शंभर अंशांच्या आसपास तापलेलं टोक दोषाच्या भागावर वीस-तीस सेकंद टेकवतात. बॅटरीवर चालतं, भूल लागत नाही. अटी तीन : चट्टा पूर्ण दिसला पाहिजे, गर्भाशयमुखाच्या पाऊण भागापेक्षा मोठा नको, आणि कॅन्सरची शंका नको. शंका असेल तर बायोप्सीच (तुकडा काढून तपासणी). नंतर तीन-चार आठवडे पाण्यासारखं अंगावरून जातं. हे आधी सांगितलं नाही तर ‘दवाखान्यात गेली आणि बिघडवून आली’ अशी बोंब होते, आणि पुढच्या पाड्यातली एकही बाई येत नाही. नवऱ्यालाही बसवून चार आठवडे लांब राहायला सांगा. हे तिथल्या बोलीत, पावरीत किंवा भिलोरीत, त्यांच्यातल्याच बाईने सांगावं. वर्षाने पुन्हा तपासणी. यंत्र कोणत्या रुग्णालयात आहे आणि कोणत्या वारी चालवणारे डॉक्टर असतात, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून आधी लिहून घ्या.

दुसरा रस्ता एचपीव्ही तपासणीचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिलाच पहिली पसंती दिली. निगेटिव्ह आली की पाच ते दहा वर्षं पाहावं लागत नाही, आणि नमुना बाई स्वतः पडद्याआड मऊ ब्रशने घेऊ शकते. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या गावांत अशा एकाच फेरीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तिथे नमुने मात्र सेविकांनी घेतले होते, आणि त्याच चाचणीत व्हीआयएच्या एका फेरीने तसा फरक दिसला नव्हता. खर्च आणि प्रयोगशाळा या दोन अडचणी आहेत. रिपोर्ट कोण देणार आणि किती दिवसांत, हे ठरल्याशिवाय ब्रश वाटू नका.

फोन नंबर दोन घ्या, एक गावात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा. मुकादमाचा घेतलात तरी त्याला कारण सांगायचं नाही, ‘आशाताईंना फोन कर’ एवढाच निरोप.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची (एचपीव्ही) लस द्यावी का? (शेतकरी, शहादा तालुका)

द्या. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, पंधरा पूर्ण झाल्यावर सुरू केली तर तीन. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ जानेवारी २०२३ मध्ये आली. जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसची पद्धतही मान्य केली आहे, म्हणून सरकारी मोहिमेत डोसांची संख्या वेगळी असू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून मगच बाहेर पैसे भरा. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकत नाही.

प्रश्न : दोष निघालेल्या बायकांसाठी गटाने पन्नास हजारांची गंगाजळी केली आहे. एका ऑपरेशनलाही पुरणार नाही. कशी वापरावी? (बचत गट, अमळनेर तालुका)

ऑपरेशनसाठी वापरूच नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. रेशन कार्ड, आधार आणि रुग्णालयातले आरोग्यमित्र इथून सुरुवात होते. टोल-फ्री नंबर १५५३८८. रेशन कार्डावर सुनेचं नाव चढलेलंच नाही, हा अडथळा सगळ्यात जास्त वेळ खातो. तपासणीच्या यादीसोबतच कार्ड पाहून घ्या.

खरी अडचण त्याच्या अलीकडे येते. योजनेची मंजुरी मागायला बायोप्सीचा रिपोर्ट लागतो, आणि तो हाती येईपर्यंतचा खर्च, मजुरीचे बुडालेले दिवस, दोन माणसांचं जाणं-येणं घरचं असतं. बाई तिथेच गळते. तुमचे पन्नास हजार तिथे घाला, आणि बायोप्सी धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात करा म्हणजे ते जास्त जणींना पुरतील.

बायोप्सीचा तुकडा दहा टक्के फॉर्मालिनमध्येच हवा, तुकड्याच्या दहापट तरी. सलाइनमध्ये टाकून पाठवलेला तुकडा सडतो, रिपोर्ट ‘नमुना अपुरा’ येतो आणि बाईला पुन्हा टेबलावर झोपावं लागतं. एकदा कंटाळलेली बाई दुसऱ्यांदा येत नाही. बाटलीच्या अंगावर नाव लिहा, झाकणावर नको, झाकणं बदलतात. मुंबईला टाटात जायचं ठरलं तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. तुकड्याचा मेणाचा ब्लॉक आणि काचा (स्लाइड) मागून घ्या, तिथे त्या पुन्हा पाहतात.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत. उपचार देणाऱ्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र रेल्वेच्या नमुन्यातच लागतं, साध्या लेटरहेडवरचं खिडकीवर परत येतं. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच.

प्रश्न : आमच्या गावात दोष निघालेल्यांना लाल शिक्क्याची चिठ्ठी दिली. दुपारपर्यंत गावभर झालं. आता दुसऱ्या फेरीला कोणी यायला तयार नाही. (अंगणवाडी सेविका, साक्री तालुका)

यापुढे चिठ्ठी सगळ्यांना एकाच रंगाची, एकाच मापाची द्या. प्रत्येकीच्या चिठ्ठीवर पुढची तारीख असू द्या. कोणाला पाच वर्षांनंतरची, कोणाला पंधरा दिवसांनंतरची. निकाल टेबलाशेजारी बसून एकटीला सांगा, बाहेर बाकावर नाव पुकारून नाही. रजिस्टरमध्ये नावापुढे शेरा नको. क्रमांक लिहा आणि शेऱ्याची वही वेगळी, नर्सच्या कुलपात. निरोपाचा फोन करण्याआधी ‘हा नंबर कोणाच्या हातात असतो?’ हे विचारून ठेवलेलं असावं.

लाल शिक्का मिळालेल्या बायकांच्या घरी आधी जा, दोघी मिळून, आणि घरात दुसरं कोणी नसेल अशा वेळी. पांढरा चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे, बहुतेकींत तो नसतोच, हे त्यांना सांगणारं त्या दिवशी कोणी नव्हतं. त्यांच्यातल्या एकीची पुढची तपासणी पार पडली की दुसऱ्या फेरीची तारीख लावा.